स्प्लेंडरची टायमिंग चेन: नवीन टाकूनही आवाज परत का येतो

तक्रार साधारण अशी असते. डाव्या बाजूने खर्र-खर्र आवाज येत होता, गॅरेजमध्ये टायमिंग चेन (पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकवरून, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला फिरवणारी इंजिनातली चेन) बदलली, काही आठवडे गाडी शांत चालली आणि पुन्हा तोच आवाज. मग दुसऱ्या गॅरेजात दुसरी चेन. हिरो होंडा सीडी 100, स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स या 97.2 सीसी आडव्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये हे वारंवार दिसतं. बहुतेक वेळा दोष एकट्या चेनचा नसतो. चेनला ताण देणारे जे भाग आहेत (पुश रॉड म्हणजे टेन्शनर आर्मला दाबून धरणारी दांडी, त्याचं टोक, स्प्रिंग, टेन्शनरचा रोलर) ते जुनेच ठेवून फक्त चेन बदलली जाते, म्हणून आवाज परत येतो.

आधी एक खुलासा. ‘मोटरसायकलचा टायमिंग बेल्ट कसा बदलायचा’ असं बरेच जण विचारतात. आपल्याकडच्या रोजच्या मोटरसायकलींत बेल्ट नसतो, बहुतेकींत चेनच असते. टायमिंग बेल्ट डुकाटीच्या आधीच्या मॉन्स्टरमध्ये, स्क्रॅम्बलरसारख्या गाड्यांत किंवा होंडाच्या जुन्या गोल्ड विंगमध्ये सापडतो. तिथे रबर वयानेही निकामी होतं, त्यामुळे किलोमीटर कमी झाले तरी पुस्तिकेत दिलेल्या वर्षांनंतर तो बदलावाच लागतो. स्कूटरच्या व्हेरिएटरमधला बेल्ट चाक फिरवतो, व्हॉल्व्हशी त्याचा संबंध नाही. खालच्या पायऱ्या कार्बोरेटरवाल्या स्प्लेंडरच्या घराण्यासाठी आहेत. बीएस 6 फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आणि जास्तीचे कनेक्टर येतात, तिथे त्या गाडीची सर्व्हिस पुस्तिका जवळ असल्याशिवाय हात घालू नका.

आवाज नक्की कोणाचा?

इंजिन उघडण्याआधी हे ठरवण्यात जो वेळ जाईल तो वाया जात नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवा आणि टोक एकेका जागी लावून ऐका: आधी डाव्या बाजूचं हेडचं गोल कव्हर, मग सिलिंडरची डावी कड, मग मॅग्नेट कव्हर (मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या डाव्या टोकावरचं वीज बनवणारं चाक), शेवटी उजवीकडचं क्लच कव्हर. सैल कपडे आणि बोटं फिरत्या भागांपासून लांब ठेवा.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीचा) आवाज वेगळा आणि मोजका असतो, टिक-टिक-टिक, हेडच्या वरून-खालून येणारा. चेनचा आवाज सलग खरखरीचा असतो आणि तो डावीकडेच जास्त ऐकू येतो. न्यूट्रलमध्ये क्लचची मूठ दाबल्याबरोबर आवाज बदलला किंवा गेला तर चेनला हात लावू नका, क्लचची घंटी किंवा गिअरबॉक्सची बेअरिंग बघा. लोड देताना खालून जड ठक-ठक येत असेल तर कनेक्टिंग रॉडकडे संशय न्यावा. तिथे नवीन चेन म्हणजे पैसे पाण्यात.

आवाज चेनचाच आहे असं ठरलं की तो कधी येतो ते पाहा. सकाळी गाडी चालू केल्यावर काही सेकंद खरखर आणि मग शांत, असं असेल तर पुश रॉडमधलं ऑइल रात्रभरात उतरून जातंय, म्हणजे त्यातली चेंडूची झडप नीट बसत नाही. आयडलला सतत आवाज आणि थोडा रेस दिला की कमी, याचा अर्थ बहुतेक वेळा दमलेली स्प्रिंग किंवा झिजलेलं पुश रॉडचं टोक. रेस सोडताना, वेग उतरताना चर्रर्र होत असेल तर चेन खरोखर लांबलेली आहे किंवा रोलरचं रबर गेलंय. सगळ्याच वेळी, गरम-थंड, रेस-आयडल, सारखाच आवाज असेल तर गाइड रोलर तुटून चेन सिलिंडरच्या बोगद्याच्या भिंतीला घासते आहे का, हे पाहण्यासाठी उघडायलाच लागेल. ही गाडी तशीच पळवू नका, ॲल्युमिनियमचा चुरा ऑइलमध्ये जातो.

ऑइलची पातळी मात्र सगळ्यात आधी. डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता फक्त टेकवून मोजायची, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी असताना. अर्धा लिटर ऑइलवर धावणाऱ्या स्प्लेंडरच्या चेनचा आवाज येणारच. पातळी भरून, 15-20 किलोमीटर चालवून मगच पुढचं ठरवा. ऑइल काळं, पातळ झालेलं असेल तर बदलूनच टाका. पुस्तिकेत मोठं अंतर दिलेलं असलं तरी शहरातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला दर 3000 किलोमीटरला ऑइल द्यावं, असं आमचं मत. कारण पुश रॉडमध्ये हेच ऑइल भरलेलं असतं.

पहिला उपाय: फक्त पुश रॉड

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात आणि त्याला मॅग्नेट काढावा लागत नाही. इंजिनच्या तळाशी ऑइलचा ड्रेन बोल्ट असतो, 17 नंबरचा. त्याच्या जवळच डाव्या केसिंगमध्ये दुसरा, वॉशर लावलेला सीलिंग बोल्ट आहे. त्याच्यामागे स्प्रिंग आणि पुश रॉड. हे दोन बोल्ट एकमेकांचे समजून उघडणं ही नेहमीची गफलत, म्हणून आधी पुसून, नीट बघून मार्कर लावा.

खाली भांडं ठेवा, इंजिन थंड असू द्या. बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला की बोटाने दाबून धरा, स्प्रिंग उडते. स्प्रिंग आणि पुश रॉड खाली ओढून काढा. न निघाल्यास वाकड्या तारेने ओढू नका. पेट्रोलचा थोडा फवारा मारून, थोडा वेळ थांबून, परत प्रयत्न करा. आतला चिकट काळा गाळच त्याला धरून बसतो.

तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, टोक: चपटं, फाटलेलं किंवा कडक झालेलं असेल तर बदला. दुसरी, स्प्रिंग: नवीन स्प्रिंग शेजारी उभी करून लांबी जुळवा. जुनी बुटकी दिसली तर कचऱ्यात. स्प्रिंग ओढून लांब करून परत बसवण्याची जुगाड काही गॅरेजांत चालते. ती आठवडाभर टिकते आणि मग पुन्हा बसते. तिसरी, झडप: पुश रॉड पेट्रोलमध्ये धुऊन सुकवा आणि दोन्ही बाजूंनी फुंका. एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अडायला हवी. दोन्ही बाजूंनी जात असेल तर झडप गेली, पूर्ण रॉड बदला. या भागाची किंमत चेनपेक्षा कमी आहे आणि तरी तोच सगळ्यात जास्त वेळा न बदलता परत बसवला जातो.

परत बसवताना पुश रॉड ताज्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून, बोटाने दोन-चार वेळा दाबून हवा काढून मग घाला. कोरडा घातला तर सुरुवातीला आवाज येईल आणि तुम्हाला वाटेल काम फुकट गेलं. सीलिंग वॉशर नवीन लावा. केसिंगचे आटे ॲल्युमिनियमचे आहेत, लांब दांड्याचा पाना नको.

याने आवाज गेला तर थांबा. नाही गेला तर पुढे.

चेनची झीज मोजायची साधी पद्धत

हेडच्या डाव्या बाजूचं गोल कव्हर काढा. याला धरणारा लांब बोल्ट उजवीकडून आरपार येतो. तो सोडून, कव्हरला लाकडाने हलके ठोकून मोकळं करा. आता कॅमचं दातेरी चाक दिसेल. स्पार्क प्लग काढा (16 नंबरचा प्लग पाना), गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि डबल स्टँडवर मागचं चाक हाताने पुढे फिरवा. क्रँक याच दिशेने फिरवायचा, डावीकडून पाहता घड्याळाच्या काट्याच्या उलट. मॅग्नेटच्या नटाला पाना लावून या दिशेने फिरवलं तर नट सैल होण्याचा धोका असतो, म्हणून चाक बरं.

चाक हळूच मागे-पुढे हलवा आणि कॅमच्या चाकाकडे बघा. क्रँक हलल्यावर कॅम लगेच हलायला हवा. क्रँक बराच फिरून मगच कॅम जागा होत असेल तर चेन लांबली आहे किंवा ताण देणारे भाग गेले आहेत. कॅमच्या चाकाच्या सगळ्यात बाहेरच्या कडेवर चेन बोटांनी बाहेर ओढा. दाताच्या अर्ध्याहून जास्त उचलली जात असेल तर चेन आणि चाक दोन्ही बदला. दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर नवीन चेन त्याच दातांवर टाकू नका, ती लवकरच तशीच होईल. आता कॅमचं चाक धरून वर-खाली ओढून बघा. खेळ जाणवला तर कॅमची बेअरिंग जागा गेली आहे, आणि चेन-टेन्शनर सगळं नवीन टाकलं तरी आवाज पूर्ण जाणार नाही.

सामान

टायमिंग चेन, कॅमचं दातेरी चाक, टेन्शनर आर्म रोलरसह, सिलिंडरमधला गाइड रोलर, खालचा गाइड स्प्रॉकेट, पुश रॉड-टोक-स्प्रिंग, कॉइल प्लेटची (मॅग्नेटमागच्या, कॉइल बसवलेल्या प्लेटची) ओ-रिंग, मॅग्नेटचं ऑइल सील, हेडच्या डाव्या कव्हरचं पॅकिंग, गाइड रोलरच्या बोल्टचा सीलिंग वॉशर. बाजारात ‘टायमिंग किट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पाकिटात रोलरचं रबर धातूवर नीट चिकटलेलं नसतं. ते सुटतं, तुकडे ऑइलच्या जाळीत जमतात आणि आवाज परत. रोलर कंपनीचेच घ्या, बाकीत तडजोड चालेल.

हत्यारांत नेहमीच्या पान्यांशिवाय दोन गोष्टी अनिवार्य: स्प्लेंडरच्या आट्यांचा मॅग्नेट पुलर आणि मॅग्नेट धरायचा होल्डर. तीन पायांचा साधा पुलर लावून किंवा कडेला हातोडी मारून मॅग्नेट काढू नका. आतले चुंबक तडकतात, क्रँक वाकतो. कॉइल प्लेटच्या स्क्रूंना इम्पॅक्ट ड्रायव्हर लागेल, कारण त्यांची तोंडं आधीच्या कोणीतरी खाल्लेली असतात.

काढणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गिअर पेडल, डावं कव्हर काढा. इंजिन टॉप डेड सेंटरला (पिस्टन हेडकडच्या टोकाला) आणा: मॅग्नेटवरची ‘टी’ रेघ खुणेसमोर आणि कॅमच्या चाकावरची ‘ओ’ खूण हेडच्या कडेवरच्या खाचेसमोर. जुनी चेन असतानाच हे पाहून मोबाईलवर फोटो काढा. खुणा जुळत नसतील तर तेही आत्ताच कळतं, म्हणजे आधीच कोणीतरी दात चुकवलेला आहे. मॅग्नेटवर ‘टी’च्या शेजारी ‘एफ’ ही खूण असते, ती ठिणगीची. घाईत ‘एफ’ धरून टायमिंग लावलेल्या गाड्या दिसतात. अक्षर पुसट असेल तर खडूने रंगवा.

मॅग्नेट निघाल्यावर क्रँकवरची छोटी अर्धगोल चावी डबीत ठेवा. तिची आणि मॅग्नेटच्या खाचेची तपासणी नक्की करा. चावी कापली गेली असेल तर मॅग्नेट थोडा फिरतो आणि ‘टी’ची खूण खोटी ठरते. मग कितीही काळजीने लावलेलं टायमिंग चुकीचंच. खूण जुळते पण गाडी ओढत नाही, या कोड्याचं हे एक उत्तर.

कॉइल प्लेट, तिची वायरिंग मोकळी करा. मागे टेन्शनर आर्म आणि गाइड स्प्रॉकेट दिसतील. या इंजिनात गाइड स्प्रॉकेटच्या दांड्यानेच ऑइल पंप फिरतो. म्हणजे तो फक्त चेन सावरणारा भाग नाही. परत बसवताना दांड्याची जीभ पंपाच्या खाचेत बसली नाही तर इंजिन विनाऑइल चालेल आणि कॅम काही मिनिटांत खराब होईल.

कॅमच्या चाकाचे छोटे बोल्ट सोडा, चाक काढा, चेनला पातळ तार बांधा आणि खाली ओढून काढा. तार तिथेच राहू द्या, नवीन चेन तिनेच वर ओढायची. गाइड रोलर बदलायचा असेल तर हेड उतरवावं लागतं आणि हेडचं पॅकिंगही नवीन लागतं. रोलरच्या धारेवर खोल चर दिसत असेल तर कंटाळा करू नका. क्रँकवरचं छोटं दातेरी चाक दाबून बसवलेलं असतं. त्याचे दात गेले असतील तर ते घरी ठोकून काढण्याचं काम नाही, क्रँक वर्कशॉपला द्या.

जुनी आणि नवीन चेन शेजारी-शेजारी टांगून कड्या मोजा. जुनी ताणल्यामुळे लांब दिसेल, पण कड्या सारख्याच हव्यात. कमी कड्यांची चेन जबरदस्तीने बसली तर सुंईऽ असा आवाज येतो आणि रोलर लवकर जातात.

बसवणे आणि टायमिंग

गाइड स्प्रॉकेट, दांडा, टेन्शनर आर्म आधी, सगळ्यांना ऑइल लावून. पुश रॉडची स्प्रिंग अजून घालू नका, ताण नसताना चेन चढवणं सोपं जातं. चेन क्रँकच्या दातांवर बसली आहे का ते टॉर्च मारून बघा. मॅग्नेट चावीसह तात्पुरता बसवून ‘टी’ जुळवा. मग कॅमचं चाक चेनमध्ये असं बसवा की ‘ओ’ खाचेसमोर येईल, आणि बोल्ट बोटाने लावा. आता पुश रॉड, स्प्रिंग, सीलिंग बोल्ट.

ताण आल्यावर खूण किंचित सरकते, म्हणून खरी तपासणी आता. मागचं चाक फिरवून क्रँक पूर्ण दोन फेरे न्या आणि पुन्हा ‘टी’वर थांबा. ‘ओ’ खाचेसमोरच हवी. चाकाला 28 दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे कॅमचे जवळपास 13 अंश आणि क्रँकचे 26. ‘थोडंसं पुढे-मागे’ आणि ‘एक दात’ यातला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. शंका असेल तर एक दात हलवून बघा: आता खूण जास्त लांब गेली का? गेली असेल तर आधीचंच बरोबर.

फिरवताना कुठेही टणक अडथळा लागला तर जोर देऊ नका. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असण्याची शक्यता असते. मागे फिरवा, खुणा पुन्हा बघा.

खुणांवर पूर्ण भरवसा न ठेवता टॅपेट हलवून बघा. ‘टी’ आणि ‘ओ’ जुळल्यावर दोन्ही रॉकर हाताने किंचित हलायला हवेत. एक जरी घट्ट असेल तर कॅम चुकीच्या फेऱ्यात बसला आहे. चाक पुन्हा काढा. यानंतर टॅपेट लावा: जुन्या कार्बोरेटर मॉडेलला इन आणि एक्झॉस्ट दोन्हीला 0.05 मि.मी., इंजिन थंड. लॉक नट 9 नंबरचा. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलर गेज परत घालून बघा. नव्या मॉडेलच्या मापासाठी पुस्तिका.

कॅमच्या चाकाचे बोल्ट छोटे आहेत, मनगटाच्या जोराने तुटतात. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतल्या मापाने, नसेल तर लहान टी-हँडलने.

पहिली सुरुवात

प्लग बाहेर, इग्निशन बंद ठेवून 20-25 किक मारा. पंप ऑइल ओढतो आणि पुश रॉड भरतो. प्लग लावून, वरच्या टॅपेटचं झाकण काढून गाडी आयडलला काही सेकंद चालवा. रॉकरवर ऑइल ओलावायला हवं. नाही आलं तर ताबडतोब बंद करा आणि गाइड स्प्रॉकेटचा दांडा पंपात बसला आहे का ते तपासा.

पहिल्या मिनिटात थोडी खरखर चालते. नंतरही राहिली तर: फक्त इंजिन थंड असतानाच येत असेल तर पुश रॉड पुन्हा काढून हवा काढा. गरम झाल्यावर वाढत असेल तर ऑइल फार पातळ आहे किंवा रॉडची झडप गळते. गाडी चालते पण चढावर मरते, सायलेन्सरमध्ये फटके वाजतात, असं असेल तर एक दात चुकला आहे किंवा मॅग्नेटची चावी गेली. सिलिंडरच्या डाव्या बाजूला ऑइलची धार दिसली तर गाइड रोलरच्या बोल्टचा वॉशर. मॅग्नेट कव्हरच्या आत ऑइल साचलं तर कॉइल प्लेटची ओ-रिंग बसवताना कापली गेली किंवा ऑइल सील उलटं गेलं.

500 किलोमीटरनंतर टॅपेट परत बघा आणि ऑइल बदला. ऑइलची जाळी उजव्या कव्हरमागे असते, तीही एकदा काढून धुवा. जाळीत काळे रबराचे कण दिसले तर नवीन रोलर आताच सुटायला लागला आहे.

युनिकॉर्न, शाईनसारख्या गाड्यांत तपासाची पद्धत तीच, पण टेन्शनर सिलिंडरच्या मागे बाहेरून बसवलेला असतो. मधला छोटा बोल्ट काढून पातळ स्क्रू ड्रायव्हरने आतला स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की दांडा आत जातो. सोडल्यावर तो स्वतःहून बाहेर यायला हवा. अडकत येत असेल तर टेन्शनर बदला. तो काढलेला असताना क्रँक किंवा किक अजिबात फिरवायची नाही, चेन एका क्षणात दात ओलांडते.